तेरा खणांचे जहाज

बाराव्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. उत्तर चीनमध्ये त्या वेळी चिन घराण्याचे राज्य होते. त्या राज्यातील चांग चुंग-येन नावाच्या अधिकाऱ्यावर नदीवर नौकांचा पूल बांधण्याची कामगिरी सोपविण्यात आली. पुलासाठी मोठमोठ्या नौका हव्या होत्या. परंतु जमलेल्या सुतारांपैकी एकालाही त्या कशा बांधाव्या हे उमगेना. तेव्हा चांग चुंग-येनने स्वतःच हत्यारे हाती घेतली आणि अवघ्या काही इंच लांबीची एक नाव घडविली. तिला सरस लावलेला नव्हता, रोगणही चढविलेले नव्हते. नाळेपासून पिछाडीपर्यंत तिचे सारे भाग एकमेकांत अडकूनच घट्ट बसले होते. ती चिमुकली नाव पाहून सुतार थक्क झाले, असे त्या घराण्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. पुढे खऱ्या नौका तयार झाल्या. त्या पाण्यात ओढून नेण्यासाठी आसपासच्या मुलखातील लोकांना वेठीला धरावयाचे घाटत होते. पण या अधिकाऱ्याने नदीकडे उतरत जाणारी जमीन सारखी करवून घेतली, तीवर ताजा कडबा दाट पसरला, दोन्ही बाजूंना मोठे ओंडके लावले आणि भल्या पहाटे, गोठलेल्या दहिवराने सारे निसरडे झालेले असताना, थोड्याशा माणसांकडून त्या नौका अलगद घसरवीत पाण्यात नेल्या.

त्याच शतकात, दक्षिणेकडील सुंग घराण्याच्या राज्यात, चांग श्वे नावाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. त्याला एक मोठे जहाज बांधावयाचे होते; पण त्याला खर्च किती येईल हे त्याच्या कारकुनांना सांगता येईना. त्याने त्यांना एक लहान नाव करावयास लावली, तिची मापे घ्यावयास सांगितली आणि दहापटीने हिशेब करावयास शिकविले. इतिहासकाराने हे गणित एवढ्यावरच सोडून दिले आहे. वस्तुतः लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही दहापट केली म्हणजे फळ्यांचे क्षेत्रफळ शंभरपट होते आणि लाकडाचे घनफळ तर हजारपट होते. त्या कारकुनांनी हे ध्यानात घेतले असेल, अशी आशा करावी!

या दोन्ही प्रसंगी लहान प्रतिकृतीने नकाशाचे काम केले. जुन्या चिनी गोद्यांमध्ये कागदावरील आराखडे क्वचितच वापरीत. मुख्य सुतार गजाने मापे घेई, वळण डोळ्यांनी पारखी आणि कोणती फळी कोठे बसवावयाची ते हाताखालच्या माणसांना तोंडी सांगे. ही विद्या बापाकडून मुलाकडे आणि गुरूकडून शिष्याकडे जात असे. तिची पोथी नव्हती. म्हणून एखाद्या प्रकारचे जहाज बांधणे बंद पडले की थोड्याच काळात ते कसे बांधीत हे सांगणारे माणूसही उरत नसे. विसाव्या शतकात वाफेची व तेलावर चालणारी जहाजे सर्वत्र झाली, तेव्हा ही उणीव काही जणांना तीव्रतेने जाणवली. चीनच्या सागरी जकात खात्याचे प्रमुख सर फ्रेडरिक मेझ यांनी 1930 च्या दशकात चिनी कारागिरांकडून शिडाच्या निरनिराळ्या जहाजांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला दिल्या. त्याच खात्यातील जी. आर. जी. वूस्टर या अधिकाऱ्याने यांगत्से नदीवरील नौकांची मापे घेण्यात वर्षेच्या वर्षे खर्ची घातली. त्याचा दोन खंडांचा ग्रंथ 1947 व 1948 साली शांघाय येथे प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेल्या कितीतरी नौका आता पाण्यावर दिसत नाहीत.

चिनी शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करावयाची, तर प्रथम जहाज निवडले पाहिजे. युरोपियन लोकांनी या सर्व जहाजांना सरसकट 'जंक' असे एकच नाव दिल्यामुळे ती सारी सारखीच असावीत असा समज पसरला. तो खरा नाही. उत्तरेकडील उथळ आणि वाळूच्या समुद्रात फिरणाऱ्या जहाजांचे तळ सपाट असत. ओहोटीच्या वेळी ती वाळूवर खुशाल टेकत. दक्षिणेस फूच्येन प्रांतातील जहाजे खोल समुद्रात जात; त्यांचा तळ खाली निमुळता होत जाई व त्याला लांब, मजबूत कणा असे. क्वांगतुंगच्या जहाजांच्या सुकाणूला शंकरपाळ्याच्या आकाराची छिद्रे पाडीत. हौशी कारागीर पुष्कळदा उत्तरेचा तळ, दक्षिणेची शिडे आणि क्वांगतुंगचे सुकाणू एकत्र करून एक देखणे जहाज उभे करतात. असे जहाज कोणत्याही समुद्रावर कधीच तरंगलेले नसते.

येथे फूच्येन प्रांतातीलच एक जहाज घेऊ. 1974 साली त्या प्रांतातील छ्वानचौ शहराजवळ, हौचू नावाच्या जुन्या बंदराच्या चिखलातून एक जहाज उकरून काढण्यात आले. ते सुमारे सातशे वर्षे तेथे गाडलेले होते. वरचा भाग कुजून गेला होता, पण पाण्याखालचे अंग बरेचसे शाबूत होते. उरलेल्या भागाची लांबी 24 मीटरांहून किंचित अधिक व रुंदी 9 मीटरांहून किंचित अधिक भरली. संपूर्ण जहाज सुमारे 34 मीटर लांब असावे, असा अंदाज आहे. आत सापडलेल्या नाण्यांवरून ते 1270 च्या दशकात बुडाले असावे असे ठरविण्यात आले. सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी, कवड्या, धूप असा माल त्यात होता. दक्षिणेकडील समुद्रांतून भरलेले हे जहाज घरी येऊन पोहोचले आणि बंदराच्या तोंडाशीच नाहीसे झाले. त्या काळी छ्वानचौ हे जगातील मोठ्या बंदरांपैकी एक होते. अरब व्यापारी त्याला जैतून म्हणत, आणि मार्को पोलोनेही त्याच नावाने त्याचे वर्णन केले आहे.

प्रतिकृतीसाठी पन्नासास एक हे प्रमाण सोयीचे पडते. म्हणजे 34 मीटरांचे जहाज 68 सेंटिमीटरांचे होते. खऱ्या जहाजातील 10 सेंटिमीटर जाडीची भिंत 2 मिलिमीटरांची होते. यापेक्षा लहान प्रमाण घेतले तर आतील काम हाताला साधत नाही. लाकूड मऊ, सरळ रेषांचे आणि बिनगाठीचे असावे. खऱ्या जहाजात कण्याला पाइन, फळ्यांना चिनी फर आणि मोक्याच्या जागी कापराच्या झाडाचे लाकूड वापरीत; कापराच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. प्रतिकृतीसाठी सागवान घेण्याचा मोह होतो, पण त्याच्या रेषा भरड असतात. पन्नासपट लहान केलेल्या जहाजावर त्या रेषा फार मोठ्या दिसतात आणि जहाज एकदम खेळण्यासारखे वाटू लागते.

आरंभ कण्यापासून करावयाचा. छ्वानचौच्या जहाजाचा कणा एका अखंड वाशाचा नव्हता. मुख्य कण्याला मागे एक तुकडा व पुढे नाळेचा वर वळलेला तुकडा जोडलेला होता. हे सांधे पायऱ्यापायऱ्यांचे, एकमेकांत रुतणारे होते. पुरातत्त्वज्ञांनी जेव्हा ते उकलून पाहिले तेव्हा त्यांना एक अपूर्व गोष्ट आढळली. सांध्याच्या आत सात लहान खोबणी कोरलेल्या होत्या, त्यांची मांडणी आकाशातील सप्तर्षींसारखी होती, आणि त्यांत नाणी ठेवलेली होती. जवळच एका मोठ्या गोल खोबणीत काशाचा आरसा होता. सात नाणी म्हणजे सात तारे आणि आरसा म्हणजे चंद्र, असा त्याचा अर्थ लावतात. सप्तर्षींवरून ध्रुवाची दिशा कळते, हे खलाशाला सांगावयास नको. जहाज बांधून झाल्यावर ही नाणी कोणालाही दिसणार नव्हती; ती मोजण्यासाठी किंवा काढण्यासाठी जहाज मोडावे लागले असते. प्रतिकृतीच्या सांध्यात पितळेच्या पत्र्याच्या सात टिकल्या आणि एक चकती बसविता येते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते करून सांधा मिटला की त्यांचे दर्शन कायमचे संपते.

यानंतर या जहाजाचे खरे वैशिष्ट्य येते. कोकणातल्या सुताराने मचवा बांधावयास घेतला, तर तो कण्यावर दोन्ही बाजूंना बाकदार फासळ्या उभ्या करतो. एखाद्या मोठ्या माशाचा सांगाडा पालथा घालण्याऐवजी उताणा ठेवावा, तसे ते दिसते. फळ्यांना आकार मिळतो तो या फासळ्यांमुळे, आणि आतली जागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी राहते. फूच्येनच्या जहाजात आकार धरून ठेवण्याचे मुख्य काम आडव्या भिंती करतात. जाड फळ्या एकीवर एक रचून केलेल्या या आडभिंती कण्यावर उभ्या बसवितात. छ्वानचौच्या जहाजात अशा बारा आडभिंती होत्या. त्यामुळे पोटात तेरा खण पडले होते. औषधाच्या पेटीत खण असावेत तसे हे खण एकमेकांपासून अलग होते.

बारा भिंतींपैकी कोणत्याही दोन सारख्या आकाराच्या नसतात. नाळेकडील भिंत अरुंद आणि खाली टोकदार असते. मागे जावे तसतशी ती रुंदावत जाते. चिनी जहाज सामान्यतः मध्याच्या किंचित मागे सर्वांत रुंद असते. पाण्यावर बसलेले बदक बाजूने न पाहता वरून पाहिले, तर ही रचना चटकन लक्षात येते. प्रतिकृती करणाऱ्याने बाराही भिंतींचे आकार जाड कागदावर कापून, कण्यावर ओळीने उभे करून, त्यांच्या कडांवरून एक लवचीक कामटी फिरवून पाहावी. कामटी जेथे कडेला टेकत नाही तेथे भिंत लहान झाली आहे, आणि जेथे ती अवघडून वाकते तेथे भिंत मोठी आहे. जुना सुतार हेच काम नुसत्या नजरेने करी. नवशिक्याला या कामी दोन-तीन संध्याकाळी सहज लागतात. ही घाई करण्याची जागा नव्हे; येथे राहिलेला दोष पुढे कितीही तासले तरी जात नाही.

या भिंतींचा उपयोग काय, हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीसच सांगून ठेवले आहे. जहाज खडकावर आदळले किंवा देवमाशाने त्याला धडक दिली आणि एके ठिकाणी भगदाड पडले, तर पाणी त्या एका खणातच राहते. खलाशी त्या खणातील माल शेजारच्या खणात हलवितात, भोक बुजवितात आणि पुढे चालू लागतात. युरोपातील जहाजबांधणी करणाऱ्यांनी ही युक्ती पुढे कित्येक शतके उचलली नाही. 1787 साली अमेरिकेचे प्रख्यात शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी टपाल नेणाऱ्या जहाजांविषयी लिहिताना, त्यांचे पोट चिनी पद्धतीने अलग खणांत विभागावे, असे सुचविले होते. आज पोलादाच्या प्रत्येक मोठ्या जहाजात अशा भिंती असतात.

प्रत्येक आडभिंतीच्या तळाशी, कण्याला लागून, एक लहानसे भोक ठेवलेले असते. खणांत झिरपलेले थोडेफार पाणी या भोकांतून वाहत एका जागी जमते, म्हणजे ते उपसून टाकता येते. चिनी सुतार त्याला 'पाण्याचा डोळा' म्हणतात. संकटाच्या वेळी तो बुजविता येतो. अनेक प्रतिकृतींत हे भोक नसते, कारण ते बाहेरून दिसत नाही. एवढे एक भोक विसरले, की खऱ्या जहाजात साचलेले पाणी प्रत्येक खणातून निराळे उपसावे लागले असते, हे ध्यानात घ्यावे.

भिंती उभ्या राहिल्या की फळ्या चढवावयाच्या. छ्वानचौच्या जहाजाच्या तळाला फळ्यांचे दोन थर होते आणि बाजूंना तीन. एकाच जाड फळीला असे वळण देणे कठीण. त्यापेक्षा पातळ फळ्यांचे थर एकावर एक चढविणे सोपे, आणि बाहेरचा थर झिजला तर तेवढाच बदलता येतो. प्रतिकृतीच्या फळ्या गरम पाण्यात भिजवून, हलक्या हाताने वाकवून बसवाव्या लागतात. एक डावीकडे लावली की तिची जोडीदार लगेच उजवीकडे लावावी. सगळ्या फळ्या एका बाजूने लावीत गेल्यास कणा त्या बाजूला ओढला जातो, आणि तयार झालेले जहाज जन्मभर एका कुशीवर चालते.

फळ्यांमधील फटी बुजविणे हे निराळ्याच कारागिरांचे काम असे. रॅमी नावाच्या झुडुपाचे तंतू, चुना आणि तुंग वृक्षाच्या बियांचे तेल ही तीन द्रव्ये एकत्र कुटून त्यांचा लगदा करीत. चुना बहुधा कालवांच्या शिंपल्या भाजून केलेला असे. तुंगचे तेल हवेत सुकून कठीण होते. चुन्याशी मिसळले की ते दगडासारखे घट्ट बनते, पण तंतूंमुळे त्याला तडा जात नाही. हा लगदा छिनीने फटीत ठोकून भरीत, आणि खिळ्यांच्या डोक्यांवरही लावीत, म्हणजे लोखंड गंजत नसे. सुताराने कितीही चोख फळी बसविली, तरी जहाज कोरडे राही ते या लगद्यामुळे. प्रतिकृतीत खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी वापरून भागते; तीही चुनखडीची भुकटी आणि जवसाचे तेल यांचीच केलेली असते. सुती दोरा उलगडून त्याचे तंतू तीत मिसळल्यास ती मूळ लगद्याच्या पुष्कळ जवळ जाते.

तक्तपोशी, कठडे, मागील बाजूची खोली, नांगर यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चित्रे पाहून ती कोणालाही करता येतात. सुकाणू मात्र थोडे निराळे आहे. ते पिछाडीच्या मध्यावर टांगलेले असून दोरांनी वरखाली करता येते. खोल पाण्यात ते तळाच्याही खाली सोडीत, म्हणजे आडव्या वाऱ्याने जहाज बाजूला वाहून जात नसे. उथळ पाणी लागले की वर ओढून घेत. प्रतिकृतीत ते सरसाने चिकटवून टाकले तर त्याचा अर्थच नाहीसा होतो.

आता शिडे. इब्न बतूता हा प्रवासी चौदाव्या शतकात कालिकतला आला, तेव्हा त्या बंदरात त्याने तेरा चिनी जहाजे पाहिली. त्यांची शिडे बांबूच्या काड्यांची, चटईसारखी विणलेली होती, असे तो लिहितो. पुढे कापडाची शिडे आली, तरी त्यांच्यातील बांबू गेले नाहीत. चिनी शिडाला वरपासून खालपर्यंत ठराविक अंतरावर आडवे बांबू बांधलेले असतात. त्यांच्यामुळे शीड फुगून पिशवीसारखे न होता फळीसारखे ताठ राहते, आणि वाऱ्याच्या जवळजवळ समोरच्या दिशेनेही तिरपे तिरपे जाता येते. प्रत्येक बांबूच्या मागच्या टोकाला एक बारीक दोर असतो, आणि हे सारे दोर खाली एकत्र येऊन एकाच जाड दोरात मिळतात. तो एक दोर ताणला की शिडाचा प्रत्येक पट्टा एकदम वळतो.

वादळ आले म्हणजे या शिडाची खरी परीक्षा होते. साधे शीड लहान करावयाचे तर खलाशांना काठीवर चढून, वाऱ्याशी झुंजत, ओले कापड हातांनी गुंडाळून बांधावे लागते. चिनी शीड वर ओढणारा दोर जरा ढिला सोडला की सर्वांत खालचा पट्टा आपोआप खाली बसतो. आणखी सोडला की दुसरा पट्टा पहिल्यावर येऊन पडतो. हातपंखा मिटावा तसे शीड मिटत जाते, आणि कोणालाही काठीवर चढावे लागत नाही. कापड फाटले तरी ते एका पट्ट्यापुरतेच फाटते. वरच्या व खालच्या बांबूपाशी फाट थांबते. जहाजाच्या पोटात आडभिंतींनी जे केले, तेच वर शिडात बांबूंनी केलेले आहे.

प्रतिकृतीच्या शिडासाठी जुने, धुऊन मऊ झालेले पातळ सुती कापड उत्तम. दक्षिण चीनमध्ये शिडे कुजू नयेत म्हणून खारफुटीच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस रंगवीत. कात उकळलेल्या पाण्यात कापड भिजविल्यास तसाच रंग येतो. बांबूच्या कामट्या सुईपेक्षा थोड्या जाड तासाव्या लागतात, आणि प्रत्येकीला दोऱ्याची गाठ मारावी लागते. एका मोठ्या शिडाला अशा पन्नास-साठ गाठी सहज होतात. त्या मारताना पुष्कळांचा धीर सुटतो. मग ते कामट्या नुसत्या चिकटवितात. दिसावयास फरक पडत नाही. पण असे शीड मिटत नाही. आणि जे मिटत नाही ते चिनी शीड नव्हे.

येथे कोणी विचारील, की सांध्यातील नाणी झाकली जातात, भिंती तक्तपोशीखाली जातात, पाण्याचे डोळे तर कोणालाच दिसत नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी? बाहेरचे अंग तेवढे करून कपाटावर ठेवले तर काय बिघडले? याचे उत्तर फूच्येनच्या किनाऱ्यावरच मिळते. 2010 साली युनेस्कोने चिनी जहाजांतील जलबंद आडभिंतींची विद्या, तातडीने जतन करण्याची गरज असलेल्या वारशांच्या यादीत घातली. लाकडी जहाजांची जागा पोलादी जहाजांनी घेतल्यामुळे त्यांना मागणी उरलेली नाही, आणि ही विद्या संपूर्णपणे अवगत असलेले केवळ तीन उस्ताद शिल्लक आहेत, असे त्या वेळच्या नोंदीत म्हटले होते. ज्या प्रांताने शेकडो वर्षे समुद्रावर जहाजे सोडली, तेथे तीन माणसे! जहाजाचा बाहेरचा आकार छायाचित्रांत उरतो. कोणती भिंत आधी, कोणती फळी नंतर, लगदा किती कुटावा, भोक कोठे ठेवावे, हे छायाचित्रात येत नाही. ते हातांत असते.

अशा विद्येला पुन्हा समुद्रावर उतरविण्याचाही प्रयत्न झाला. मिंग घराण्याच्या काळातील लढाऊ जहाजाच्या नमुन्यावर, जुन्या पद्धतीने, 'तैपिंग राजकन्या' नावाचे सुमारे 16 मीटर लांबीचे जहाज फूच्येनमध्ये बांधण्यात आले. 2008 साली ते पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को बंदरात पोहोचले आणि परत फिरले. वादळांतूनही ते निभावले. 26 एप्रिल 2009 रोजी, तैवानच्या किनाऱ्याजवळ, प्रवास पुरा होण्यास जेमतेम एक दिवस उरला असताना, पहाटेच्या अंधारात एका मोठ्या मालवाहू जहाजाची धडक बसून ते दुभंगले. जहाजावरील अकराही जणांना वाचविण्यात आले. भगदाड पडले तर आडभिंती जहाजाला तारतात; जहाजाचेच दोन तुकडे झाले तर त्यांचा इलाज चालत नाही.

प्रतिकृतीचे शेवटचे काम डोळ्यांचे. चिनी जहाजाच्या नाळेवर दोन्ही बाजूंना मोठे, गोल डोळे काढण्याची प्रथा आहे. मालवाहू जहाजाचे डोळे समोर, दूरवर पाहतात. मासेमारी नौकेची बुबुळे खाली वळलेली असतात, कारण तिला पाण्यातले मासे शोधावयाचे असतात. छ्वानचौचे जहाज व्यापाराचे होते, तेव्हा त्याच्या प्रतिकृतीचे डोळे समोर पाहणारे हवेत. पांढऱ्या गोलात काळे बुबुळ, एवढेच.

मग ते पाण्यात सोडावयाचे. मोठे घंगाळ किंवा हौद पुरतो. खणांत खडे घालून जहाज सरळ उभे राहील असे करावे; खऱ्या जहाजातही तळाला दगडांचे वजन घालीत. तक्तपोशीचा एक तुकडा काढता येण्याजोगा ठेवलेला असला, तर आणखी एक गोष्ट पाहता येते. प्रथम सारे पाण्याचे डोळे उघडे ठेवून एका खणात तांब्याभर पाणी ओतावे. पाणी भोकांतून खणाखणांत पसरते, तळावर इकडून तिकडे धावू लागते, आणि जहाज कधी या कुशीवर तर कधी त्या कुशीवर कलते. आता ते पाणी उपसून टाकावे, मेणाच्या गोळ्यांनी बाराही डोळे बुजवावे, आणि तेवढेच पाणी पुन्हा त्याच खणात ओतावे. जहाज त्या जागी बोटभर खाली बसते, किंचित हलते आणि स्थिर होते. शेजारच्या खणात हात घालून पाहिला, तर तो कोरडा लागतो.